शास्त्रीय संगीताचा डिजिटल संग्रह लावताना: फोल्डर कशाचे, टॅग कशाचे

वडिलांनी हयातभर जमवलेल्या कॅसेट आणि सीडी तुम्ही डिजिटल करून घेतल्यात, त्यात मित्रांच्या हार्डडिस्कवरचं बरंच काही येऊन मिसळलंय, आणि आता १४,००० च्या आसपास फाइल्स समोर आहेत. निम्म्यांची नावं ‘ट्रॅक ०१’, उरलेल्यांत एकच यमन पाच स्पेलिंगांनी. फोल्डर रागवार करू की कलाकारवार, नावं मराठीत लिहू की रोमनमध्ये, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ आणि गाडीत हे सगळं वाजेल का, असं तुम्ही विचारलंय.

एका संगीत मंडळाचा आणि काही खाजगी संग्रहांचा असाच पसारा मी बरीच वर्षं लावतोय. पण आधीच सांगतो, किती खोलात जायचं हे संग्रह कशासाठी वापरणार यावर आहे. संध्याकाळी निवांत ऐकायचं एवढंच असेल, तर खाली लिहिलेल्यातलं निम्मं करू नका. कलाकार, राग, साल भरा आणि ऐकायला बसा. ‘अमक्या बुवांचे सगळे मल्हार काढ’, ‘ही चीज आणखी कोण गायलंय’, ‘या मैफलीत तबल्यावर कोण होतं’ असे प्रश्न घरात पडत असतील, तर मात्र थोडं पद्धतशीर काम करावं लागेल. तुमच्या वडिलांचा संग्रह बघता ते पडत असणारच.

अडचणीचं मूळ असं, की टॅगची, म्हणजे फाइलीच्या पोटात असलेल्या माहितीच्या रकान्यांची, ही सगळी व्यवस्था गाण्यांसाठी तयार झाली. गाणं, गायक, अल्बम, वर्ष, संपलं. पाश्चात्त्य अभिजात संगीत जमवणारेही तिच्या नावाने बोटं मोडतात, पण त्यांच्याकडे रचनाकार हा खुंटा पक्का आहे: सिंफनी बेथोव्हेनची, वाजवणारे कोणीही असोत. कर्नाटक संगीतातही त्यागराज, दीक्षितर, श्यामा शास्त्री यांच्यामुळे रचनाकाराच्या रकान्याला अर्थ आहे. हिंदुस्थानी संगीतात बंदिश सदारंगाची असली, तरी ‘आज सदारंग ऐकू’ म्हणून कोणी फाइल लावत नाही. आपलं एकक म्हणजे एका कलाकाराने एका दिवशी एका ठिकाणी मांडलेला एक राग. हे एकदा ठरवलं की बाकीचे निर्णय बरेचसे आपोआप होतात.

आता फोल्डर. माझा नियम असा: जी गोष्ट एकदा कळली की बदलत नाही, तिचा फोल्डर, जिच्याबद्दल मत बदलू शकतं, तिचा टॅग. कोण गायलं, कुठे, कधी, या बदलणाऱ्या गोष्टी नव्हेत. माहीत नसतील तर नसतात, पण त्यावर वाद होत नाही. म्हणून वर कलाकाराचा फोल्डर, त्यात मैफलीचा: तारीख, गाव, आयोजक. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपसूक कालक्रमाने लागते. प्रकाशित रेकॉर्ड असेल तर तारखेच्या जागी तिचा कॅटलॉग क्रमांक. काहीच माहीत नसेल तर ‘अज्ञात’ असा एक फोल्डर. त्याची लाज वाटून घेऊ नका, आमच्याकडे तोच सगळ्यात जाडजूड आहे.

राग फोल्डरला का नको? कारण राग ठरवणं हे पुष्कळदा मत असतं. नंद म्हणा, आनंदी म्हणा, आनंदी कल्याण म्हणा, राग एकच. उलट कौशी कानडा हे नाव एक, पण एक बागेश्री अंगाचा आणि एक मालकंस अंगाचा. अनवट जोडराग असेल तर जाणकारांतही दोन तट पडतात. रागवार फोल्डर केलेत तर प्रत्येक वादानंतर फाइल इकडून तिकडे हलवावी लागेल, आणि एकाच मैफलीचे मारुबिहाग, ठुमरी आणि भैरवी तीन दिशांना जातील. ती मैफल पुन्हा सलग ऐकायला मिळणार नाही. टॅगमध्ये मात्र एका फाइलला दोन राग लावता येतात, बदलता येतात, रागमालेला तर आठ-दहाही लावता येतात.

कलाकारांच्या नावांत सगळ्यात जास्त गोंधळ असतो, म्हणून इथे जरा थांबतो. पं., उस्ताद, विदुषी, बुवा हे सगळं नावातून काढा. नाहीतर निम्मा संग्रह ‘पं’खाली आणि उरलेला ‘उ’खाली लागतो. आदर कमी होत नाही. हवं तर वेगळा रकाना ठेवा. व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ साली जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. तिथल्या यादीतही नावाआधी ‘सूरश्री’ लागलेलं आहे. तीच ध्वनिमुद्रिका तुमच्याकडे ‘केसरबाई’, ‘सूरश्री केसर बाई’ आणि ‘केरकर के.’ अशी तीन ठिकाणी असण्याची दाट शक्यता आहे. तिघींना एक करायचं काम कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नीट करणार नाही.

आडनाव आधी लावण्याची सोय तर बंदच करा. तिने कुमार गंधर्व, बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि छोटा गंधर्व एका कुटुंबातले होतात. शिवाय ‘सवाई गंधर्व’ असं शोधलंत की रामभाऊ कुंदगोळकरांच्या मोजक्या तबकड्या मिळायच्या ऐवजी, १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाने होणाऱ्या महोत्सवाच्या शेकडो फाइल्स समोर येतात. यासाठी आयोजक किंवा समारंभ हा रकाना कलाकारापासून वेगळा हवाच. सतारीचे विलायत खाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ, इंदूरचे अमीर खाँ आणि सरोदवाले अमीर खाँ, या जोड्याही एकदा डोळ्यांखालून घाला. संग्राहकांच्या हार्डडिस्कवर या मिसळलेल्या मी अनेकदा पाहिल्यात.

साथीदारांची नावं आर्टिस्टच्याच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबू नका. तबला, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा-स्वरसाथ असे स्वतंत्र रकाने करा. मुख्य कलाकार ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये. मैफलीचं नाव ‘अल्बम’मध्ये. ‘जॉनर’मध्ये घराणं घालू नका, तिथे प्रकार घाला: ख्याल, धृपद, ठुमरी, टप्पा, तराणा, नाट्यगीत, अभंग. नाट्यगीताला नाटक, पदकर्ता आणि चाल देणारा असे तीन रकाने लागतात. तिथे रचनाकार खरोखर महत्त्वाचा असतो.

रागासाठी मी फाइलींच्या बाहेर एक तक्ता ठेवतो. साधी स्प्रेडशीट. पहिल्या स्तंभात रागाचं आपण ठरवलेलं एकच रूप, दुसऱ्यात त्याची बाकीची रूपं (भूप, भूपाली, मालकंस, मालकौंस, रागेश्री, रागेश्वरी), तिसऱ्यात रागांग (राग ज्या कुळात मोडतो ते), चौथ्यात गायनसमय. फाइलमध्ये फक्त पहिला स्तंभ आणि रागांग जातो. गायनसमय प्रत्येक फाइलीत लिहायची गरज नाही, तो रागावरून ठरतो आणि तक्त्यात आहेच. रागांगाचा रकाना मात्र जरूर भरा. मिया मल्हार, गौड मल्हार, रामदासी, सूर मल्हार, मेघ हे अक्षरक्रमात चार दिशांना पडतात. रागांगात ‘मल्हार’ लिहिलंत की आषाढात एका टिचकीत सगळे हजर. कानडे, सारंग, कल्याण, तोडी, कौंस यांचंही तसंच. जोडरागाला मात्र त्याचंच नाव द्या. भैरवबहार हा भैरवबहारच लिहायचा, भैरव आणि बहार असे दोन राग लावायचे नाहीत.

इथे एक इशारा. सूर ओळखून राग सांगणारी साधनं निघाली आहेत. त्यांचं उत्तर थेट टॅगमध्ये उतरवू नका. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर तेच. वेगळेपण वादीत (रागाच्या मुख्य स्वरात), चलनात, कुठल्या सप्तकात वावर आहे त्यात. शिवाय मित्रांकडून आलेल्यात कर्नाटक संगीत असेल तर तिथला हिंदोलम् आपल्या मालकंसाच्या जागी आहे, आपला हिंडोल अगदी निराळा. आणि तिथल्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. त्यामुळे पद्धतीचाही एक रकाना ठेवा, एका शब्दाचा.

बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, लिहिण्याचा कंटाळा करू नका. राग चुकला, तारीख चुकली, कलाकारसुद्धा चुकला, तरी मुखडा ऐकून लिहिलेला असेल तर त्यावरून बाकीचं पुन्हा उभं करता येतं. माझं टायटल असं असतं: ‘यमन – काहे सखी (विलंबित एकताल), एरी आली पिया बिन (द्रुत त्रिताल)’. फोनवरचे बरेच प्लेअर खास रकाने दाखवत नाहीत, तेव्हा एवढी एक ओळ दिसली तरी पुरते. तालाचंही एकच रूप ठरवा. त्रिताल, तीनताल आणि तिताला असे तीन ताल यादीत नकोत. शब्द नीट ऐकू येत नसतील तर भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग जवळ ठेवा, रूढ रागांतल्या पारंपरिक चिजा बहुतेक तिथे सापडतात. अंतऱ्यातल्या मुद्रेवरून, म्हणजे शब्दांत गुंफलेल्या टोपणनावावरून, रचनाकार कळतो: ‘सबरंग’ म्हणजे बडे गुलाम अली खाँ, ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘रामरंग’ म्हणजे रामाश्रेय झा. ‘सदारंग’ आलं की मात्र लगेच रचनाकार भरून मोकळे होऊ नका. त्या नावावर नंतरच्या लोकांनीही बरंच खपवलंय.

विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत तोडावेत का? माझ्या मते नाही. बावन्न मिनिटांचा राग बावन्न मिनिटांचाच राहू द्या आणि टिपणाच्या रकान्यात वेळा लिहा: आलाप कुठे संपला, द्रुत कुठे सुरू झालं, तराणा कुठे. तोडायचंच असेल तर मूळ फाइल हलवू नका, क्यू शीटने (कुठला भाग कुठे सुरू होतो ते सांगणाऱ्या छोट्या मजकूर-फाइलीने) काम भागतं. कॅसेटचा प्रश्न उलटा असतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे रंगात आलेला ख्याल ऐन तानेत तुटतो आणि दुसऱ्या बाजूला मध्येच उगवतो. दोन्ही तुकडे जोडा, पण जोड कुठे आहे आणि मध्ये काही गेलंय का, ते लिहून ठेवा.

एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. पुढचा रकाना मला मात्र सगळ्यांत मोलाचा वाटतो: आधार. ही माहिती आली कुठून? कॅसेटच्या कार्डावर लिहिलं होतं, निवेदकाने सांगितलं, कलाकार स्वतः म्हणाला, वडिलांनी ओळखलं, की मित्राच्या फाइलीचं नाव तसंच उचललं? एक-दोन शब्दांत लिहा. शेवटच्या प्रकाराला माझ्याकडे काडीची किंमत नाही, कारण एकाने चुकवलेलं नाव पुढच्या वीस हार्डडिस्कांवर तसंच जातं आणि वीस जणांकडे सारखंच आहे म्हणून खरं वाटायला लागतं. दुसरं, मूळ फाइलीचं नाव, कितीही विचित्र असलं तरी, ‘जुनं नाव’ अशा रकान्यात जपून ठेवा. ‘बी साइड काका दादर’ या नावावरून एखादी मैफल ओळखली जाते.

आधार शोधायला रेकॉर्डिंगच मदत करतं, फक्त ते ‘स्वच्छ’ करण्याच्या भानगडीत पडू नका. आकाशवाणीवरून घेतलेल्या टेपांत आरंभी किंवा शेवटी निवेदक कलाकार, राग आणि साथीदार सांगतो. हौशी लोक नेमका तेवढाच भाग कापतात! जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते; गौहरजानचं ‘माय नेम इज गौहरजान’ तर प्रसिद्धच आहे. तेही कापू नका. आणखी एक खूण: आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमवर बंदी घातली होती. म्हणून १९६० च्या सुमाराची स्टुडिओतली आकाशवाणी मैफल म्हणून आलेल्या फाइलीत पेटी स्पष्ट वाजत असेल, तर साल तरी चुकलंय किंवा ती आकाशवाणीची नाही. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या नावावर चाळीस मिनिटांचं सलग काही मिळालं, तर तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या कोणीतरी एकापुढे एक जोडल्यात असं समजून चाला.

एकच मैफल दोन-तीन नावांनी असणं हे तुमच्याकडे हमखास होणार. दुहेरी फाइल्स शोधणारी सॉफ्टवेअरं ध्वनीचा ठसा जुळवतात, पण टेप कमी-जास्त वेगाने फिरली असेल तर ती फसतात. मी आधी लांबी बघतो, मग मुखडा, मग सुरुवातीचं काही खास: तानपुरा जुळवताना कोणी खोकलं, कुठे दाद आली. वेगाचा संशय असेल तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून शांत जागेचा स्पेक्ट्रम काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण जुन्या टेपांत बहुधा असते. ती ५३ च्या आसपास दिसली तर टेप सुमारे सहा टक्के जलद आहे, म्हणजे नेहमी काळी एकमध्ये गाणारे बुवा तिच्या लगतच्या वरच्या पट्टीत, पांढरी दोनमध्ये, गाताना ऐकू येणार. गुणगुण बरोबर ५० वर असेल तर ती तुमच्या डिजिटल करण्याच्या यंत्रणेचीही असू शकते, तेव्हा कलाकाराच्या नेहमीच्या पट्टीशी ताडून बघा. दुरुस्त केलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ वेगळी.

थोडक्यात इथवरचं: फोल्डर कलाकार आणि मैफल, टॅगमध्ये राग, रागांग, ताल, मुखडा, साथीदार, प्रकार, आधार, रागांची एकरूपता बाहेरच्या तक्त्यात.

लिपीबद्दल. टॅग देवनागरीत, फाइलींची आणि फोल्डरांची नावं रोमनमध्ये, हे माझं ठाम मत. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक प्रोग्राम अडतात. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. टॅगला ही अडचण नाही. फक्त नुक्ते टाळा. ‘कानड़ा’मधला ड़ दोन प्रकारे साठवला जातो, दिसतो एकसारखा आणि शोधला तर अर्धेच मिळतात. आपण मराठीत कानडा लिहितो, तेच बरं.

मूळ फाइल्स वेव्हमध्ये असतील तर फ्लॅकमध्ये आणा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ वेव्ह तासाला साधारण एक जीबी घेते. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही न गमावता ती बरीच लहान होते. फ्लॅकमध्ये हवे तेवढे मनाजोगते रकाने करता येतात, एकाच नावाचे अनेकही; वेव्हमध्ये टॅगचा आधार तुटपुंजा. फ्लॅक फाइलीच्या पोटात मूळ ध्वनीची एक तपासखूणही असते, टॅग कितीही बदलले तरी ती बदलत नाही. त्यामुळे पाच वर्षांनी फाइल बिघडली आहे का ते कळतं. एमपीथ्री म्हणूनच आलेल्या फाइल्स मात्र तशाच ठेवा, त्यांचं फ्लॅक करून गेलेलं परत येत नाही.

सॉफ्टवेअर: टॅग भरायला विंडोजवर एमपीथ्रीटॅग, लिनक्सवर किडथ्री. ऐकायला आणि शोधायला फूबार२००० किंवा म्युझिकबी, दोन्हींत आपले रकाने स्तंभ म्हणून लावता येतात. टॅग आपोआप भरणारं पिकार्ड प्रकाशित सीडींपुरतं चांगलं आहे. खाजगी मैफलींवर ते सोडू नका, भलत्याच अल्बमची नावं लावून बसेल. मी टॅग एकेक फाइल उघडून भरत नाही. फाइलींची यादी स्प्रेडशीटमध्ये काढतो, तिथे भरतो आणि मजकूर-फाइलीतून टॅगमध्ये परत ओततो. एमपीथ्रीटॅगला हे जमतं. आधी पाच-दहा फाइलींच्या प्रतींवर करून बघा. ती स्प्रेडशीट हाच तुमचा खरा कॅटलॉग, तिच्या प्रती फाइलींइतक्याच जपा. संग्रहाच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

कामाचा क्रम चौदा हजारांच्या यादीवर वरून खाली धरू नका. प्रकाशित सीडी सगळ्यात शेवटी. त्यांची माहिती कुठेही पळून जात नाही. आधी वडिलांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या किंवा स्नेह्यांकडून उतरवून घेतलेल्या कॅसेट घ्या. वडिलांच्या शेजारी बसा, पहिली दोन-तीन मिनिटं वाजवा, आणि ते जे बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करून घ्या. ‘हे आमच्या चाळीतल्या गणपतीचं, पेटीवर ऐन वेळी दुसरेच बसले होते’ ही माहिती दुसरीकडे कुठे मिळायची नाही. खाजगी मैफलीच्या बाबतीत ती कोणी दिली आणि पुढे द्यायला हरकत नाही ना, तेही त्याच वेळी विचारून लिहा.

गाडीबद्दल: जुने प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात आणि फ्लॅक ओळखतीलच असं नाही. त्यासाठी मूळ संग्रहाला हात लावू नका. ऐकायच्या निवडक फाइलींच्या एमपीथ्री प्रती पेनड्राइव्हवर काढा, टायटल आणि कलाकार तेवढे रोमनमध्ये टाका, नाव तीस अक्षरांच्या आत ठेवा. एमपीथ्रीच्या टॅगच्या जुन्या, आयडीथ्री नावाच्या पद्धतीत तेवढीच जागा आहे, पुढचं कापलं जातं.